दाराआडची तोंडी परीक्षा

“बाई, एकच सांगा. हिला फ्रेंच बोलता येतं का नाही?” शेटजींनी विचारलं.

“उत्तम येतं.”

“मी तर कधी ऐकलं नाही.”

“तुमच्यासमोर ती तोंडच उघडत नाही, शेटजी. ऐकणार कसं?”

आमचं घोडं नेमकं इथंच अडलं होतं.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी जळगावात कॉलेजात फ्रेंच शिकवत असे. एक दिवस प्रिन्सिपॉलसाहेबांनी बोलावून सांगितलं, “बाजारातल्या एका शेटजींच्या सुनेला घरी जाऊन फ्रेंच शिकवायचंय. नाही म्हणू नका.” शेटजींचा कापूस आणि सरकीचा व्यापार होता. घराणं मूळ राजस्थानचं, पण पिढ्यान् पिढ्या इथलंच झालेलं. मुलगा आफ्रिकेशेजारच्या मादागास्कर बेटावर, एका बंदराच्या गावी कापडाच्या दुकानात भागीदार होता. तिथं फ्रेंच चालतं. बायकोनं यावं, दुकानात बायकांचं गिऱ्हाईक सांभाळावं, अशी त्याची इच्छा होती. सुनेची, म्हणजे सुशीलाची, तर त्याहून जास्त. लग्नानंतर नवऱ्याचा सहवास असा तिला मिळालाच नव्हता. शेटजींचं म्हणणं मात्र ठाम होतं: जी चार माणसांत बोलू शकत नाही, ती परमुलखात काय करणार? तिनं बोलून दाखवावं, मग पाठवतो.

आणि घरची रीत अशी, की सुनेनं सासऱ्याशी थेट, किंवा त्याच्यासमोर परक्याशी, बोलायचं नाही. काही सांगायचंच झालं तर अक्काला सांगायचं. अक्का म्हणजे घरातली जुनी स्वयंपाकीण, एरंडोलकडची. सुशीला तिला म्हणे, “त्यांना सांगा, जेवण तयार आहे.” शेटजी हाताच्या अंतरावर बसलेले असत. त्यांना सगळं ऐकू येई. तरी अक्कानं पुन्हा सांगेपर्यंत ते पानावर येत नसत. आधी मला याचं हसू येई.

मग आम्ही इनडायरेक्ट ऑब्जेक्टच्या सर्वनामांपाशी पोचलो. नाव भारदस्त, पण प्रकरण साधं आहे. सांगितलेली गोष्ट, विचारलेला प्रश्न, दिलेली वस्तू ज्याच्याकडे पोचते, त्याच्यासाठीचा शब्द. आपलं ‘त्याला’, ‘तिला’, ‘त्यांना’. फ्रेंचमध्ये ‘त्याला’ आणि ‘तिला’ दोन्हींना एकच शब्द, ‘ल्वी’. अनेकांसाठी ‘लर’. आणि साध्या वाक्यात आपल्यासारखाच तो क्रियापदाच्या आधी येतो. कॉलेजातली मुलं इंग्रजीच्या वळणानं जात आणि तो शब्द वाक्याच्या शेपटाला बांधत. वर्षाच्या शेवटीसुद्धा बांधत. सुशीलानं पहिल्याच दिवशी तो जागेवर ठेवला. तिचं अख्खं सासर ‘त्यांना सांगा, त्यांना विचारा, त्यांना द्या’ यावर चाललेलं. ती धडाधड वाक्यं बोलत गेली आणि मी खडू हातात धरून ऐकत राहिले. इतकं सहज फ्रेंच मी वर्गात कधी ऐकलं नव्हतं.

पण शेटजींना हे दाखवायचं कसं? वाट त्यांनीच काढली. अमळनेरच्या एका तेलगिरणीत मशीन बसवायला एक फ्रेंच इंजिनिअर आला होता. शेटजी त्या गिरणीला सरकी पुरवत. हा साहेब आधी मादागास्करलाच नोकरीला होता, असं कळल्यावर त्यांनी त्याला जेवायला बोलावलं.

“सून दाराआडून त्याच्याशी बोलेल,” ते मला म्हणाले. “फ्रेंचमध्ये बोलली तर माझ्यासमोर बोलली असं होत नाही. मला कुठं कळतंय! तुम्ही फक्त ऐकायचं. मध्ये पडायचं नाही.”

साहेब आला. पाटावर कशीबशी मांडी घालून बसला. वरणात बट्टी कुस्करायची कशी, हे सुशीलानं त्याला दाराआडून सांगितलं. तो दचकला, मग खूश होऊन बोलत सुटला. बोलणं भरभर, पण सुशीला कुठंही अडली नाही. मी मनातून निश्चिंत झाले. झालं, पास!

तेवढ्यात शेटजी म्हणाले, “अक्का, तिला सांग, साहेबाला विचार. आमचा मुलगा राहतो त्या बंदरात आपल्या घरची बाई राहू शकेल का?”

अक्कानं दाराकडे तोंड करून निरोप दिला. सुशीलानं साहेबाला विचारलं. साहेबानं घास खाली ठेवला. तो सरळ माणूस होता. म्हणाला, तिथं उकाडा जीवघेणा आहे. ताप हमखास येतो. माझी बायको तिथं रडत राहायची. शेवटी तब्येत ढासळली आणि मायदेशी परत गेली. माझ्या मुलीला मी तिथं पाठवणार नाही.

आता हे सांगणार कोण? तर सुशीलाच. शेवटची दोन वाक्यं तिनं गाळली असती, तरी त्या घरात माझ्याशिवाय कुणाला पत्ता लागला नसता. आणि मी चकार शब्द काढला नसता, हे तिलाही ठाऊक होतं.

दाराआडून तिचा आवाज आला, नेहमीसारखा.

“अक्का, त्यांना सांगा. साहेब म्हणतात, तिथं फार उकडतं. ताप येतोच. साहेबांच्या पत्नी रडायच्या, आजारी पडून परत गेल्या. आपल्या मुलीला ते तिथं पाठवणार नाहीत.”

अक्का निरोप द्यायचाच विसरली. पोरीनं काहीच लपवलं नाही हे बघून कपाळावर हात मारून तिच्या अहिराणीत म्हणाली, “माय वं! पोरनी बठ्ठं खरं सांगी टाकं!”

शेटजींनी माझ्याकडे पाहिलं. “बरोबर सांगितलं?”

“अक्षर न् अक्षर,” मी म्हटलं. मी किती तरी हुशार विद्यार्थी पाहिले होते, पण हे काही निराळंच होतं.

शेटजी म्हणाले, “मुलगा कायम लिहितो, सर्व कुशल. तापाचं एका अक्षरानं कळवलं नाही त्यानं.” मग म्हणाले, “तिथं खरं कळवणारं कुणी तरी पाहिजे. अक्का, तिला सांग, पासपोर्टच्या तयारीला लाग.”

अक्का दाराकडे वळायच्या आत आतून उत्तर आलं.

“त्यांना सांगा, तापाची औषधं इथूनच नेईन.”

ती मादागास्करला गेली. तिथं तिला ताप आला, आणि तो आल्याचं शेटजींना तिच्याच पत्रातून कळलं.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत तोंडी परीक्षेत मी एक तरी प्रश्न असा ठेवला, ज्याचं खरं उत्तर देणं विद्यार्थ्याच्या सोयीचं नसेल. सर्वनामं बहुतेकांची बरोबर आली. त्या प्रश्नात मात्र फार थोडे पास झाले.