अव्वाच्या हातचं जेवण

होटगीच्या फलाटावर सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला, नातीचा मुका घेतला आणि गाडी हलल्यावर तोंडाला पदर लावला. लेकाला सुनेनं तोडलं, असंच त्यांनी धरलं होतं. भावजी, तुम्हा सगळ्यांनाही तसंच वाटलं. मी खुलासा केला नाही.

एकाहत्तरच्या लढाईनंतर हे फौज सोडून आले तेव्हा गावानं हलगी लावून मिरवणूक काढली. पारावर रोज एकच प्रश्न, "किती लोळवले रं?" हे हसायचे आणि उठून जायचे. घरात मात्र निराळंच. आईला हे अव्वा म्हणत. अव्वानं ताट वाढलं की ह्यांना घास गिळेना. भाकरी तशीच ठेवून शेताकडं निघायचे. "माज्या हाताची चव गेली काय गं?" सासूबाई मला विचारायच्या आणि संशयानं माझ्याकडंच बघायच्या.

एकदा विहिरीवर ह्यांनी मला सांगितलं. सरहद्दीवर, उसाच्या फडात, शत्रूचा एक शिपाई अगदी समोर आला. ह्यांनी संगीन चालवली. तो पडला आणि जीव जाईस्तोवर आईला हाका मारत राहिला.

"अव्वा भाकरी वाढती तवा वाटतं, ही त्येच्या वाटची हाय. आपण कुटंतरी लांब जाऊ."

म्हणून कुर्डुवाडी. रेल्वेच्या वर्कशॉपात काम मिळालं. ड्यूटी, भोंगा, क्वार्टर हे शब्द माझ्याही तोंडी बसले. लोखंडाच्या ठणठणाटात ह्यांचं मन रमायचं, जेवण जायला लागलं. मला मात्र वाटायचं, गावाकडं ज्वारी हुरड्याला आली असेल, अंगणात बाया शेंगा फोडत बसल्या असतील. वाटायचं आणि चुलीपुढं डोळे भरायचे.

संक्रांतीनंतर सासूबाई एकट्याच गाडीनं आल्या. दारातच म्हणाल्या, "माजं काय चुकलं तेवडं सांग. मग जाते."

ह्यांनी खाली बसून सगळं सांगितलं. सासूबाई ह्यांच्याजवळ सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "त्येच्या आईला कुणी कळवलं आसंल का रं?"

तेव्हा हे रडले. लढाईहून आल्यापासून पहिल्यांदा. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन सासूबाई मला म्हणाल्या, "तू का बोलली न्हाईस, पोरी?"

गावी चला, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. त्याच येत राहिल्या. त्यांनी वाढलेलं ह्यांना पुढंही जात नव्हतं. त्या ताट माझ्या हातात देत आणि भिंतीला टेकून लेकाला जेवताना बघत.

आता त्या नाहीत. भावजी, तुम्ही म्हणता, "वयनी, तुमची खोली तशीच ठिवलीया." ठेवा. माझा जीव तिथंच आहे, खोटं कशाला बोलू? पण हे जिथं निवांत बसतात, तिथून मला उठवत नाही.