कोपरा दुमडलेल्या चिठ्ठ्या

बी.ए.ला मेजर राज्यशास्त्र घेतलं तेव्हा बाबा खूश होते. मायनरला मानसशास्त्र घेतलं तर म्हणाले, "मनाचे लाड करायला आधी पोट भरलेलं लागतं. इतिहास घे की!" बाबा यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत. घरात पत्रकांचे गठ्ठे, मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. खरं तर मलाही बाबांचंच पटत होतं. वेळापत्रकात बसला म्हणून तो विषय घेतला, एवढंच.

आई शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात आहे. बायकांच्या संडासाची किल्ली सुपरवायझरकडे. किल्ली चारचौघांत मागावी लागायची आणि तो विचारणार, "किती वेळा?" म्हणून आई सकाळपासून पाण्याला शिवायची नाही. लघवीच्या जळजळीनं दोनदा तापली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर मूत्रपिंडावर जाईल.

मी पेटले. पत्रक लिहिलं, कारखान्याच्या फाटकावर वाटलं. बायकांनी ते नीट घडी करून डब्याखाली घेतलं. पुढे कुणीच आलं नाही. मी घरी येऊन त्या सगळ्यांना भित्र्या म्हटलं, आईसकट.

त्याच आठवड्यात मानसशास्त्राच्या बाईंनी एक अवघड भाग भराभर शिकवला. "समजलं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव नको, समजलं नसेल तर फक्त कोपरा दुमडा. उघडल्या तर जवळजवळ सगळे कोपरे दुमडलेले! प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच ढ. मी बाकावरून उठलेच. माझ्या पत्रकात निषेध होता, मागणी होती, पण 'तू एकटी नाहीस' हे कुठंच नव्हतं!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चिठ्ठ्या घेऊन मी कारखान्यात.

"परीक्षा घ्यायलीस का गं?" आईच्या शेजारच्या मशीनवरच्या मावशी म्हणाल्या. घरी तेलुगू बोलणाऱ्या, चेष्टेखोर बाई. "मी नापास हाय, आधीच सांगते."

"एकच प्रश्न, मावशी. संडासला जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिता? हो असेल तर कोपरा दुमडा."

चिठ्ठ्या डब्याच्या झाकणात जमल्या. मी एकेक उघडली. सरळ कोपऱ्याची एकही निघाली नाही.

मावशी आईकडे बघत राहिल्या. "तू पण? मला वाटलं, माझंच वय झालं."

"आन् मी रोज निर्जळी उपास हाय म्हणून सांगत होते!" मागून एकजण म्हणाली. हशा उसळला, आणि त्या हशातच बायका उठल्या. मी एकही घोषणा दिली नव्हती. सगळ्या सुपरवायझरच्या टेबलाभोवती उभ्या राहिल्या.

"एकेकीला विचारतोस न्हवं, किती वेळा?" मावशी म्हणाल्या. "घे, आज सगळ्यांना एकदम विचार."

त्यानं कुणाच्याच तोंडाकडे न बघता किल्ली पुढे सरकवली. ती आता बायकांच्या मशीनशेजारी खिळ्याला असते.

पत्रकं मी अजूनही लिहिते, आणि चिडूनच लिहिते. पण आधी विचारून येते. हे मला मायनरनं दिलं, आणि पुढच्या वर्षीच्या पोरींना मी हे ओरडून सांगणार आहे.

किल्ली खिळ्याला आली त्यानंतरच्या सोमवारी आई डब्याबरोबर पाण्याची बाटली घेऊन गेली. दुपारी तिचा फोन आला, "संपली गं. हितं भरायची कुटं, ते आता विचारायला पायजे."