तबला जरा कमी करावा

माझ्या गाण्याला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे घरात कोणी त्या वाटेला जात नाही. दिल्ली कँटोनमेंटजवळच्या एका शाळेत मी वीसेक वर्षं संगीत शिकवलं. एवढ्या वर्षांत माझ्या मुलांच्या वृंदगानात तोंडावर चूक काढणारी माणसं फार थोडी भेटली. त्यांतलं एक नवरा-बायकोचं जोडपं मला विसरता येत नाही. त्यातल्या नवऱ्याला तर मी कधी पाहिलंही नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत. आम्ही सरकारी क्वार्टर सोडून नुकतेच गुडगावच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. आजूबाजूला अर्धवट उभ्या इमारती आणि मधूनच एखादं सरसोंचं शेत. समोरच एक नवीन शाळा उघडली होती. तिथल्या वर्गांना एसी होता आणि शाळेची स्वतःची वेबसाइट होती. मी हे आमच्या प्रिन्सिपल मॅडमना सहज म्हणून सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. आपल्याकडे मिरवण्यासारखं काय आहे, असं त्यांनी विचारलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशी आमच्या वृंदगानाची वेबसाइट सुरू झाली.

ती तयार केली कम्प्युटरच्या सरांनी. मुनिरक्याला खोली घेऊन राहणारे, नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले, अतिशय उत्साही. त्यांनी पानभर उडणारे सूर टाकले, प्रिन्सिपल मॅडमचा फोटो टाकला, प्रमुख पाहुण्यांचे सात फोटो टाकले. माझा परिचय मी स्वतः लिहून दिला. तो तीन परिच्छेदांचा होता. साइट किती जणांनी पाहिली ते दाखवणारा आकडा खाली कोपऱ्यात होता आणि तो बहुधा मीच वाढवत होते.

दिवाळीनंतर कळलं की शाळेच्या समितीतल्या काही जणांना गाण्याचे आठवड्यातले दोन तास जास्त वाटतायत. ते कम्प्युटरला द्यावेत, जमाना कम्प्युटरचा आहे, असं त्यांचं म्हणणं. प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावलं. फेब्रुवारीतल्या बैठकीआधी वेबसाइटबद्दल पालकांचं मत गोळा करा, त्याप्रमाणे साइट सुधारा आणि लोकांना हे हवं आहे असं समितीला दाखवा, असं त्यांनी सांगितलं. नाहीतर तास गेले म्हणून समजा. तास गेले की वृंदगान गेलं. चाळीस मुलांचे आवाज मधल्या सुट्टीत डबे खाता खाता जुळत नाहीत.

मी फॉर्म छापून मुलांच्या डायऱ्यांत घालून पाठवले. वर विद्यार्थ्याचं नाव, वर्ग, रोल नंबर, आणि खाली प्रश्न: साइटमध्ये काय सुधारावं? आठवड्याभरात सगळे फॉर्म परत आले. ‘व्हेरी नाइस’, ‘एक्सलंट’, ‘कीप इट अप’. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. संध्याकाळी यजमानांना एकेक फॉर्म वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की चाळीस पालकांकडे एकाच जांभळ्या रंगाचं पेन कसं काय?

दुसऱ्या दिवशी मुलांना दरडावलं तेव्हा उलगडा झाला. सगळे फॉर्म शाळेच्या बसमध्ये मुलांनीच भरले होते. आयांनी एवढंच सांगितलं होतं की मॅडमना आवडेल असं लिही. मी चिडले, पण चूक माझीच होती. पोराचा रोल नंबर वर लिहून त्याच्या मास्तरणीला कोण आई नावं ठेवील?

जानेवारीत वृंदातल्या एका मुलीच्या आईने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं. मुलगी सहावीतली, डावीकडून तिसरी उभी राहायची. आवाज गोड, पण दुसऱ्या कडव्यात लांब ओळीच्या मधोमध हमखास श्वास घ्यायची. वर्षभर मी तिला त्यावरून बोलत होते. वडील मराठा पलटणीत, ईशान्येकडे बदली झालेले. मायलेकी इथे फौजी क्वार्टरमध्ये. आई साताऱ्याकडची.

त्या क्वार्टरमध्ये पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. बहुतेकींची मुलं माझ्याकडे गायला. मला वाटलं, इथे रोल नंबर नाही, हीच वेळ आहे. हळदीकुंकू लावून झालं, वाण म्हणून प्लॅस्टिकची चाळणी हातात आली, आणि मी सगळ्यांना म्हटलं, “आज तिळगूळ घ्या, पण गोड बोलू नका. आमच्या वेबसाइटमध्ये काय चुकलंय ते सांगा.”

संक्रांतीच्या दिवशी, सवाष्णींच्या घोळक्यात असलं काही विचारणारी मी पहिलीच असणार. मग एकीने फोटो छान आहेत म्हटलं, दुसरीने बिल्कुल म्हणून मान डोलावली. मी हिरमुसून निघाले. दारापर्यंत सोडायला आलेल्या त्या घरच्या बाईंनी जिन्यात मला थांबवलं.

“मॅडम, रागावू नका. साइट चांगलीय, पण त्यात गाणं कुठंय?”

मला कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलीच्या वडिलांचा दर रविवारी बूथवरून फोन येतो. मागे रांग असते, दोन मिनिटांत मुलगी काय गाणार? शाळेच्या गाण्याची साइट निघाली म्हटल्यावर बाईंनी त्यांना पत्ता कळवला. ते सुट्टीच्या दिवशी छावणीपासून दूर बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत गेले. पान उघडायला अर्धा तास लागला. आधी मोठ्या मॅडमचा फोटो आला, मग पाहुणे, मग माझा परिचय. तो त्यांनी पूर्ण वाचला, पुढे कुठेतरी गाणं असेल म्हणून. मग परत गेले.

तिळगूळ अजून हातातच होता आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काहीतरी तुटक बोलून मी खाली उतरले. धौला कुआँपर्यंत मनातल्या मनात त्या बाईंशी भांडले. हिला काय कळतं गाण्यातलं, फाइल चढवायला किती वेळ लागतो ते माहीत आहे का, वगैरे. बस गुडगावला पोचेपर्यंत भांडायला काही उरलं नाही. नाव मोठं लक्षण खोटं म्हणतात, तसं झालं होतं. गाण्याची साइट, आणि मुकी. घरी येऊन मी ती पुन्हा उघडली आणि पहिल्यांदा दुसऱ्याच्या नजरेने पाहिली. मला लाज वाटली. यजमान म्हणाले की तुझा परिचय तर आता मला पाठ झालाय.

दुसऱ्याच दिवशी सरांना म्हटलं, उडणारे सूर काढा, पाहुणे काढा, माझा परिचय एका ओळीत आणा. प्रिन्सिपल मॅडमचा फोटो लहान करायला सर धजेनात. तो मी मॅडमशी बोलून लहान करून घेतला. मग शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही लायब्ररीत रेकॉर्डिंग केलं. पंखे बंद, खिडक्यांना सतरंज्या, टेबलावर सरांचा एकुलता एक माइक, त्याला लागूनच तबलजी. मीच चाल लावलेलं प्रार्थनागीत. आठव्या खेपेला बरं जमलं. सरांनी फाइल दाबून दाबून छोटी केली आणि अख्खी दुपार खर्चून साइटवर चढवली. मी त्या बाईंना मुलीच्या डायरीत दोनच ओळी लिहिल्या: गाणं चढवलं आहे. यजमानांना कळवा.

बैठकीच्या चार दिवस आधी शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावाचं एक पाकीट आलं. आत वहीचं पान, वळणदार मराठी अक्षर, खाली अकरा सह्या.

पत्रात लिहिलं होतं की आम्ही पलटणीतले अकरा जण कॅफेत गेलो आणि गाणं चार वेळा ऐकलं. कॅफेवाल्याने पाचव्यांदा आपणहून लावलं. पुढे असं होतं: “मॅडम, आपण चुका सांगा म्हणालात असं घरून कळलं, म्हणून लिहितो. तबला जरा कमी करावा, मुलं दबतात. दुसऱ्या कडव्यात एक मुलगी ओळ मोडून मधेच श्वास घेते. ती आमची. घरीही ती तिथंच घेते. त्यावरून ओळखली.”

तबल्याचं वाचून आधी नाकाला मिरच्या झोंबल्याच. मग सरांच्या खोलीत जाऊन ऐकलं. तबला खरंच जोरात होता. पुढची ओळ मात्र मला धड वाचवेना. चाळीस आवाजांत त्या माणसाने आपली पोर शोधली होती, आणि ती सापडली होती मी वर्षभर जी चूक काढू पाहत होते तिच्यावरून.

बैठकीत मी ‘व्हेरी नाइस’चा गठ्ठा बाजूला ठेवला आणि हे पत्र हिंदी करून वाचलं, तबल्यासकट. तास कम्प्युटरला द्या म्हणणाऱ्यांत एक निवृत्त कर्नल होते. त्यांनी पान मागून घेतलं, सह्या पाहिल्या आणि गाणं ऐकवा म्हणाले. संपल्यावर म्हणाले, “तबला सचमुच ज़्यादा है।” दोन्ही तास राहिले.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा लायब्ररीत जमलो. तबलजीला माइकपासून लांब, दारापाशी बसवलं. सरावाला दुसरं कडवं आलं आणि ती मुलगी अख्खी ओळ एका श्वासात गायली. चेहरा लाल, नजर माझ्यावर. घरी खूप घोटून आली होती बिचारी.

मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, “छान केलंस. पण आज नेहमीच्या जागी श्वास घे.”

तिने कारण विचारलं नाही. सरांनी बटण दाबलं.