लेकराची शिफ्ट

शाळेच्या पटनोंदणीसाठी चाळीतून हिंडताना दुर्गाबाई मला पहिल्यांदा नजरेस पडली ती उंबऱ्यावर बसलेली. एक पाय दाराबाहेर, एक आत. आतल्या पायाच्या अंगठ्याला सुताची दोरी बांधलेली आणि ती दोरी खोलीतल्या अंधारात कुठंतरी गेलेली. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. हात खडे वेचत होते आणि पाय आपल्या चालीनं पुढंमागं हलत होता. घरात शाळेच्या वयाचं कुणी आहे का, हे विचारायच्या आत तिनं ओठांवर बोट ठेवलं, मानेनंच नाही म्हटलं आणि पुन्हा तांदळात पाहू लागली. वय असेल एकोणीस-वीस. चेहरा मात्र आजारातून उठलेल्या माणसासारखा ओढलेला.

ही गोष्ट पिंपरीतली, पंचावन्न-छप्पन्न सालातली. मोठ्या रस्त्याच्या कडेनं कारखाने उभे राहू लागले होते आणि गावातल्या शेतकऱ्यांनी रानातच खोल्यांच्या ओळी बांधून कामगारांना भाड्यानं दिल्या होत्या. अशाच एका खोलीत दुर्गाचं बिऱ्हाड होतं. पुढं ओळख वाढली, तिचं पोर शाळेत आलं, तेव्हा बाकीचं हळूहळू कळत गेलं.

नवरा सोपान कुरुळीचा, तीन भावांतला धाकटा. बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर लागला होता, पण अजून कायम झाला नव्हता. दिवाळीपर्यंत कामात खोट निघाली नाही तर कायम करू, असं साहेबांनी सांगितलं होतं. कारखान्यात तीन शिफ्ट चालत. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. कुरुळीच्या घरात असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. तिथं सगळं घर एकदम उठे आणि एकदम निजे. बिऱ्हाड मांडून देताना सासूबाईंनी, छबूबाईंनी, सुनेला एकच शिकवण दिली होती.

"सोपान जवा निजंल तवा घर निजलं पायजे. बाप्या कामावनं दमून येतो, त्याच्या म्होरं कालवा नगं."

दुर्गानं ते अगदी तंतोतंत पाळलं. लेकरासकट पाळलं.

तान्ह्या बाळाचं आपल्याकडं ठरलेलं असतं. अंगाला तेल, मग पाय लांब करून त्या पायांवर पालथं घेऊन ऊन पाण्याची आंघोळ, शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी, आणि दुपट्यात घट्ट गुंडाळून झोळीत. धुरी मिळाली की बाळ झोपतंच. दुर्गाच्या ज्योतीरामचंही तसंच होतं. फक्त ही आंघोळ आणि धुरी तिनं शिफ्टला बांधली. बाप सकाळी कामावर असला की पोराची आंघोळ दुपारी, तो घरी आल्यावर. दुपारची शिफ्ट असली की आंघोळ पहाटे अंधारात, कारण बाप रात्री उशिरा येऊन सकाळी निजलेला असे. रात्रपाळीच्या आठवड्यात बाप भाकरी खाऊन आडवा झाला की लगोलग आंघोळ, म्हणजे दोघं बरोबर झोपतील. बाळ कसंबसं त्या चालीला लागायचं, तोच सोमवार उजाडायचा आणि सगळं पुन्हा फिरायचं.

पोर दिवसाही रडायचं आणि रात्रीही. बाप झोपला की खोलीचं दार लोटलेलं, खिडकीच्या जाळीला गोणपाट लावलेलं. कांडणं नाही, स्टोला पंप मारणं नाही, भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. नळावर जायचं तर अंगठ्याची दोरी सोडावी लागे. दोरी सोडली की झोळी थांबे, झोळी थांबली की बाळ उठे, बाळ उठलं की नवरा उठे. मग दुर्गा नळावर जातच नसे. शेजारची गोजाबाई आपल्या हंड्याबरोबर तिचाही हंडा भरून आणी. बाहेर ऊन कुठवर आलं, हे दुर्गाला उंबऱ्यावरूनच कळायचं. उंबऱ्याच्या पुढं दोरी पुरत नव्हती.

श्रावणात एका सकाळी सोपान कामावरून आला तो भिंतीला टेकून बसूनच राहिला. भाकरीला हात लावेना.

"बरं न्हाई का?" दुर्गानं विचारलं.

"भट्टीम्होरं उभ्या उभ्या डोळा लागला. हातातली सळई सुटली."

"अगं बाई! कुनाला लागलं?"

"न्हाई लागलं. पर साहेबानं बघितलं. म्हनला, पुन्यांदा दिसलं तर कुरुळीला जाऊन नांगर धर."

"मग?"

"मग काय. नांगराला दोघं भाऊ आधीच हायेत. तिथं मला कोन धरू देतंय?"

एवढं बोलून तो झोपला. झोळीतलं पोर उठलं आणि ओरडू लागलं. दुर्गानं त्याला छातीशी धरून तोंडावर पदर दाबला, अगदी हलकाच, पण दाबला. मग स्वतःचंच तिला भय वाटलं आणि ती पोराला घेऊन दाराबाहेर आली.

गोजाबाई बीडकडची, चार लेकरांची आई. ती भिंतीला गोवऱ्या लावत होती. पोर बघून म्हणाली, "किती रडवायलीस गं लेकराला? माझ्याकडं बाळगोळी हाय. मुगाएवढी उगाळून चाटव. सांजपर्यंत हूं की चूं करणार न्हाई."

बाळगोळीत अफू असते हे दोघींनाही माहीत होतं. तरी दुर्गानं ती घेतली. सहाणेवर दुधाचे दोन थेंब टाकून उगाळली, बोटावर घेतली. पोराचं तोंड उघडंच होतं, रडण्यानं. सोपान कुशीवर वळला. दिवाळी दोन-अडीच महिन्यांवर होती. तिनं बोट तसंच मागं घेऊन धुतलं, सहाण मोरीत नेऊन घासली, आणि पुन्हा झोळीची दोरी ओढायला बसली.

दोन दिवसांनी रविवार होता. गोजाबाईनं सहज चौकशी केली, "आज येवढ्या उशिरा न्हाऊ घालतीस का काय? काल तर सकाळी घातलंस."

"उद्यापासनं सकाळची शिफ्ट हाय. मग दुपारच्याला न्हायला पायजे. आजपासनं थोडं थोडं फिरवते."

गोजाबाई कमरेवर हात ठेवून हसायला लागली. "आगं, मग लेकराला कंपनीनं बिल्ला दिला का न्हाई अजून? आन् ओव्हरटाइम? त्यो तर लई झाला असंल!"

आजूबाजूच्या बायाही हसल्या. दुर्गाला हसू आलं नाही. डोळ्यात पाणी आलं आणि ती आत गेली. पण ते बोलणं तिच्या डोक्यातून जाईना. मोठा, धट्टाकट्टा बाप्या शिफ्ट फिरली की चार दिवस डोकं धरून बसतो. आणि पाच महिन्यांचं पोर तिनं प्रत्येक सोमवारी नव्या शिफ्टवर धाडलं होतं. पोरानं बापाबरोबर निजावं म्हणून ती त्याला फिरवत राहिली, आणि त्यापायी बापही झोपला नाही आणि पोरही.

संध्याकाळी तिनं सोपानला सांगितलं, "उद्यापासनं बाळाची आंघोळ रोज सकाळीच. शिफ्ट कंचीबी असू द्या."

"आन् दिवसा मी कुठं निजू? त्याच्या रडन्यात?"

"कोपऱ्यावरच्या सड्या बाप्यांच्या खोलीत. तुमी निजायच्या वक्ताला एक तरी वळकटी मोकळी असतीच."

"बायको असून सड्यांच्या खोलीत? लोक काय म्हनतील गं?"

"म्हनतील, दुर्गीनं नवरा हाकलला. म्हनू द्या. भट्टीवर पडलात तर काय म्हनतील?"

सोपान रागानं जेवला नाही. त्या आठवड्यात सकाळची शिफ्ट, त्याला दिवसा फारसं झोपायचं नव्हतंच. पुढच्याही आठवड्यात तो हट्टानं घरातच निजला आणि नीट झोपला नाही. रात्रपाळी लागली तेव्हा मात्र सकाळी मुकाट्यानं काखेत चादर घेऊन कोपऱ्याकडं गेला. बायांनी पाहिलं. नळावर दोन दिवस तोच विषय होता.

पोर काही लगेच वळणावर आलं नाही. पण दुर्गानं सकाळची वेळ सोडली नाही. ऊन समोरच्या भिंतीला लागलं की तेल, पाणी, धुरी, झोळी. दुपारी पेज भरवली की पुन्हा झोळी. दिवेलागणीला पायांवर थोपटणं, की संपलं. सोमवार आले आणि गेले.

नवरात्राच्या आधी छबूबाई कुरुळीहून बाजरी घेऊन आल्या. खोलीत नातू झोळीत गाढ झोपलेला, सून चुलीपाशी, आणि रात्रपाळीचा मुलगा कुठंच नाही. गोजाबाईच्या थोरलीनं तो कुठं निजतो ते हौसेनं सांगून टाकलं. छबूबाई कोपऱ्यावरच्या खोलीत डोकावून तरातरा परत आल्या.

"घर असून माजा ल्योक दुसऱ्याच्या वळकटीवर निजतोय व्हय गं? ह्यासाठी मांडून दिलं व्हतं बिऱ्हाड?"

"आत्याबाई, हळू बोला."

"मला हळू बोल म्हनतीस?"

"दिवाळीला त्ये कायम झाले की खुशाल शिव्या द्या. आमी कुरुळीला येतो, चारचौघांत द्या. आत्ता बाळ निजलंय."

छबूबाई पिशवीसकट खाली बसल्या. मान वळवून झोळीकडं पाहिलं. झोळी हलत नव्हती आणि पोर झोपलेलं होतं. मग पुटपुटल्या, "दोरी न्हाई बांधलीस?"

"लागत न्हाई आता."

त्या दिवसांतली एक गोष्ट दुर्गाबाईंनी खूप वर्षांनी सांगितली. दोरीवाचून पोर पहिल्यांदा झोपलं, त्या दुपारी त्या उठून बाहेर आल्या. नळाच्या पुढं, पार रस्त्यापर्यंत गेल्या. तिथं उभ्या राहिल्यावर त्यांना कळेना, आता जायचं कुठं. मोकळं वाटायच्या ऐवजी कानात पोर रडल्यासारखं झालं, आणि त्या धावत परत आल्या. पोर झोपलेलंच होतं.

सोपान दिवाळीत कायम झाला. लहानपणी आपल्या हातचं खाऊन सोपान असा निबर झालाय, म्हणूनच भट्टीवर टिकला, असं छबूबाईंनी साऱ्या कुरुळीला सांगितलं.

ज्योतीरामच्या मागं आणखी तीन मुलं झाली. चौघांचीही आंघोळ सकाळचीच. चाळीतल्या बाया मिळून चिंचवडच्या देवळाला निघत, नाहीतर मोशीच्या बाजाराला. दुर्गाबाईंना हाक आली की त्या दारातूनच सांगत, "बाळाची निजायची येळ हाय." दरवेळी कुठलं तरी बाळ असेच. नंतर बायांनी विचारणंही सोडलं. पोरांना वेळेवर झोपवणाऱ्या म्हणून नव्या सुनांना मात्र त्यांच्याकडं धाडत. दुर्गाबाई त्यांना सगळं नीट सांगत, आणि शेवटी हटकून बजावत, "दोरी अंगठ्याला बांधू नगंस. हातात धर."

सोपानराव भट्टीवरूनच निवृत्त झाले. दुर्गाबाई आता मोशीला ज्योतीरामकडं राहतात. नातवंडं मोठी होऊन कामाला लागली आहेत, आणि देवळाला चला अशी हाक आली तर दारातून सांगायला आता कुठलं बाळ उरलेलं नाही.