जठारपेठेचा कंपायलर

आमच्या साडूभाऊंच्या हाती देवाने जग दिलं असतं, तर ते अजून सुरूच झालं नसतं. आधी त्यातल्या सगळ्या चुका निघाल्या असत्या. अकोल्याच्या एका कॉलेजात ते प्रोग्रामिंग शिकवायचे आणि जीव जडला होता एका फंक्शनल भाषेवर. तिच्यात प्रत्येक गोष्टीचा टाइप, म्हणजे तिची जात, आधी ठरतो, आणि टाइप जुळल्याशिवाय कंपायलर नावाचा तपासनीस प्रोग्रामला पाऊल उचलू देत नाही. विद्यार्थी एवढंच विचारायचे, "सर, प्लेसमेंटले येते का हे?" येत नव्हतं. मग शिकवायला उरलो मी. अमरावतीत माझं सॉफ्टवेअरचं छोटं दुकान. सुचेल ते लिहायचं, चालवायचं आणि गिऱ्हाइकाची शिवी आली की चूक शोधायची, ही माझी पद्धत.

साडूभाऊ घरातही टाइपनेच राहत. मिठाच्या बरणीचं तोंड त्यांनी मुद्दाम इतकं अरुंद निवडलं होतं की साखरेचा चमचा आत शिरूच नये. "चूक करू नका म्हणून सांगाचं नाई भाऊ, चूक करताच नाई आली पायजे!" त्यावर मेहुणी म्हणायची, "अन् मीठ कसं काढाचं, ते बी सांगा!" "उद्या येता का?" असं विचारलं तर साधं 'हो' म्हणणं त्यांच्या जिवावर येई. "गाडी भेटली तं येतो, नाई भेटली तं फोन करतो, फोन नाई लागला तं..." इथवर येईस्तोवर विचारणारा निघून गेलेला असे. अकोल्यात जठारपेठेतल्या त्यांच्या खोलीत रविवारी मी त्यांच्या भाषेत कोड लिहायचो आणि ते माझ्या पाठीमागे चहाचा कप घेऊन अशा येरझारा घालायचे, की जणू नापास व्हायची भीती मला नव्हे, त्यांनाच होती.

अंजनगाव सुर्जीच्या एका व्यापाऱ्यासाठी मी केळी पिकवायच्या खोलीचा प्रोग्राम लिहिला, तो मात्र माझ्या जुन्या ढिल्या भाषेत. तास आणि तापमान, दोन्ही नुसते आकडे. माझ्या हातून त्यांची अदलाबदल झाली. भाषेने हूं की चूं केलं नाही. खोली उघडली तेव्हा आत केळी नव्हती, शिकरण होतं. फक्त दूध घालायचं बाकी. व्यापारी जे बोलला ते कुठल्याच टाइपात बसणारं नव्हतं. साडूभाऊ मात्र हरखले! पहिल्या गाडीने अमरावतीला आले, सगळा प्रोग्राम त्यांच्या भाषेत नव्याने लिहवून घेतला. "तास येगळा टाइप, डिग्री येगळा टाइप. आता करा बरं अदलाबदल!" मी केली. पडदाभर चुका दाखवणाऱ्या लाल ओळी आल्या आणि हा पन्नाशीचा माणूस टाळ्या वाजवू लागला.

मग बंगळुरूच्या कंपनीचं बोलावणं आलं. तिथे अख्खं ऑफिस त्यांच्याच भाषेत काम करणारं. आठवडाभर ते ना अकोल्यात टिकले, ना अमरावतीत. "जाऊ का भाऊ? इथं बोलाले तुमीच तेवढे. अन् तुमाले बी समजते कुठं?"

"जा ना बाप्पा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आता संध्याकाळी त्यांचा फोन येतो. "सारेच हुशार हायेत इथं. कोणी काई इचारतच नाई." मग जरा आशेनं, "तुमचं काई अडलं असन तं सांगा नं."

खरं म्हणजे हल्ली माझं फारसं अडत नाही. केळीही वेळेवर पिवळी होतात. पण ते सांगायला जीभ रेटत नाही. मी चांगल्या चालत्या प्रोग्राममधला एक टाइप हळूच बदलतो, आणि येणाऱ्या लाल ओळी त्यांना सावकाश वाचून दाखवतो.