न उचललेला बेल

मुक्ता गेल्याचं मला विलासनं, तिच्या मुलानं, फोनवर सांगितलं. सकाळची वेळ होती, मी नातवाचा डबा भरत होते. "थोरली आई, आई गेली…" एवढंच तो बोलला आणि फोन त्याच्या हातात तसाच चालू राहिला. मागून बायकांचं रडणं ऐकू येत होतं, कुणाची तरी मोटरसायकल थांबली, कुत्रं भुंकलं. मी वेड्यासारखी डबा भरतच राहिले. पहाटे छातीत कळ आली म्हणे, ताडकळसच्या दवाखान्यापर्यंतसुद्धा नेता आलं नाही. मुक्ता माझी धाकटी जाऊ. 'जावा जावा, उभा दावा' म्हणतात, पण आमचा दावा कधी उभाच राहिला नाही, कारण भांडायलाही बरोबरीचं माणूस लागतं आणि त्या घरात तिला बरोबरीचं कुणी मानत नव्हतं. त्याचं कारण सांगितलं तर शहरातल्या वाचकांना हसू येईल. तिनं वयाच्या अठराव्या वर्षी एक मत दिलं होतं.

मुक्ताचं माहेर मानवतचं. वडील तिथल्या जिनिंगमध्ये कामाला, त्यामुळं लग्नात तिच्या मामानं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, आमच्या पोरीनं कापूस कधी वेचला नाही, नुसता बघितला. आमच्या घरी आल्यावर आठ दिवसांत तिच्या बोटांना बोंडांचे ओरखडे उठले. मी तिच्याआधी वर्षभर आलेली, म्हणजे अनुभवी! मी तिला वेचलेल्या कापसासाठी कमरेला ओटी कशी बांधायची ते शिकवलं आणि तिनं मला हसायला शिकवलं. तोंडावर पदर घेऊन ती अशी हसायची की समोरच्याला वाटावं, पोरगी रडतेय. सासूबाई दोनदा घाबरून विचारायला आल्या होत्या.

तिच्या लग्नानंतरच्या हिवाळ्यात निवडणूक आली. अठरा वर्षांच्या मुलामुलींना मत द्यायला मिळणारी ती पहिलीच निवडणूक. आमच्या घरात तिघं नवे मतदार होते, मी, मुक्ता आणि तिचा नवरा, म्हणजे माझे दीर. गावातल्या पोरांनी आपापला पक्ष कसा ठरवला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दिरांना नव्या पक्षाच्या जीपमध्ये पुढं बसायला जागा मिळाली, झाले ते त्या पक्षाचे. शेजारचा बाळू जुन्या पक्षाचा झाला, कारण त्याच्या चुलतभावाशी त्याचा बांधावरून वाद होता आणि चुलतभाऊ नव्या पक्षाच्या जीपला लटकत होता. एकाला तर दोन्हीकडच्या टोप्या मिळाल्या होत्या, तो बिचारा मतदानापर्यंत बोडकाच फिरला. त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला होता. देवळापुढं सभा झाली तेव्हा नव्या पक्षाचा उमेदवार गळ्याच्या शिरा ताणून म्हणाला, नाव बदलू देणार नाही. काय टाळ्या पडल्या! विद्यापीठ कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा त्यातल्या निम्म्यांना सांगता आलं नसतं. आम्ही बायका भिंतीआड उभ्या राहून ऐकत होतो. मी मुक्ताकडं पाहिलं तर ती हसत नव्हती.

त्याचं कारण तिनं मला दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना सांगितलं. पहिल्यांदा नामांतरावरून जाळपोळ झाली तेव्हा ती सातेक वर्षांची होती आणि पाथरीकडं मावशीच्या गावी राहायला गेली होती. तिथं छबू नावाची तिची एक मैत्रीण झाली होती. एका संध्याकाळी छबूच्या वस्तीकडून धूर निघाला. सकाळी ती माणसं गावाबाहेर पडली तेव्हा छबूच्या काखेत कोंबडी होती. "म्या हाक मारली, बाई. तिनं बगितलं बी न्हाई. कोंबडी सुटंल म्हणून घट धरली व्हती नुस्ती…" मुक्ता मला बाई म्हणायची. मग तिनं मावशीला विचारलं होतं, छबू कुठं गेली? मावशी म्हणाली, जेव.

आमच्या भागात मत एकट्याचं नसतं, घराचं असतं. मतदानाच्या आदल्या दिवशी कर्ते पुरुष खंडोबाच्या देवळात जमतात आणि हातात बेलाचं पान आणि भंडारा घेऊन शपथ घेतात. याला बेल उचलणं म्हणतात. एकदा बेल उचलला की घरातली सगळी मतं बांधली गेली. त्या दिवशी मामंजी पिवळे हात घेऊन घरी आले, पाटावर बसले आणि सुनांना चिन्ह कुठलं ते सांगितलं. मी मान हलवली. मुक्ता भाकरी वाढत होती. वाढता वाढता तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "मामा, बेल तुमी उचलला. मंग शपत तुमाला लागली. आमाला कशी लागंल?"

मामंजी चिडले नाहीत, हसले. "आगं, चूल एक हाय ना? मंग मत येगळं कसं?"

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "काय बोलायलीय ही पोरगी! बेल मोडला तर लेकराबाळाला भोवतं, म्हाईत हाय का?" मुक्ताला तेव्हा चौथा महिना होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही नवी लुगडी नेसून सासूबाईंच्या मागं ओळीनं शाळेत गेलो. मी घरच्या चिन्हावर शिक्का मारला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट शिक्का नीट चौकटीत बसला याचाच आनंद झाला. घरी आल्यावर सासूबाईंनी देव्हाऱ्यापुढं दिवा लावला आणि दोघींना समोर बसवून विचारलं, "घरचंच केलं ना?" मी हो म्हणाले. मुक्ता देवाकडं बघत बसली. मला वाटलं, म्हणेल हो. कुणी बघितलं होतं? आडोशात शिक्का, घडी, पेटी, संपलं. ती म्हणाली, "न्हाई, आत्याबाई. माजं मी केलं."

मी तिला नंतर आडावर झापलं. एक शब्द खोटा बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? ती कळशी घासत होती. "देवाम्होरं इचारलं त्यांनी. देवाम्होरं खोटं कसं बोलू? बेल म्या उचललाच न्हवता, म्हणून खरं सांगता आलं." तिला वाटत होतं, यात न समजण्यासारखं काय आहे. मत कुणाला दिलं असं विचारल्यावर तिला त्या माणसाचं नावही धड आठवेना. "त्येला द्यायचं म्हणून न्हाई दिलं. ह्येला द्यायचं न्हवतं म्हणून दिलं." मी आजवर पुष्कळ शहाण्यांची मतं ऐकली आहेत, पण मत देण्याचं इतकं स्वच्छ कारण फार कमी जणांकडून ऐकलं.

नव्या पक्षाचा उमेदवार भरघोस मतांनी निवडून आला. मुक्ताच्या मतानं त्याचं काही अडलं नाही. पण उन्हाळ्यात तिला मुलगा झाला आणि तो आठवड्याच्या आत तापानं गेला. सासूबाई ओरडल्या नाहीत की तिला शिव्या दिल्या नाहीत. त्या ओसरीवर बसून नुसत्या म्हणाल्या, "त्या मताचं हाय हे." तेव्हा मुक्ता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दीर खाली मान घालून बसले होते. मी त्यांच्याकडं बघत होते, आता बोलतील, आता काहीतरी बोलतील… ते उठून शेतात गेले.

तेव्हापासून घराला एक बोल सापडला. बैल मेला, त्या मताचं. आड आटला, त्या मताचं. मामंजींचं अंग एका बाजूनं गेलं, विलास दहावीला नापास झाला, त्या मताचं. बोलताना सगळ्यांचे डोळे आपसूक त्या दाराकडं जायचे आणि ती तिथं उभी असायची, हातातलं काम न थांबवता. ज्या माणसासाठी बेल उचलला गेला तो पुढं दोनदा पक्ष बदलून तिसऱ्याच जीपमधून गावात आला. आमच्या दिरांनीही जीप बदलली. त्याचं कुणालाच काही भोवलं नाही. माझं मत तर कुणाच्या आठवणीतही नाही, मुक्ताचं मात्र पस्तीस वर्षं घरात राहायला होतं. सासूबाई पुढच्या मतदानांना तिला ओळीत घेत नसत. सगळे जाऊन आले की भर उन्हात ती एकटी शाळेकडं जायची. तिला पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

विद्यापीठाच्या नव्या नावाची बातमी रेडिओवर लागली तेव्हा आम्ही दोघी ओसरीवर धान्य निवडत होतो. पुरुष काहीबाही बोलत होते. मुक्ताचा हात सुपात थांबला. "छबूला कळलं आसंल का, बाई?" ती हळूच म्हणाली. मी म्हणाले, कळलं असेल की. तिला तेवढं पुरलं, असं मला वाटलं.

अंगणवाडीतली माझी नोकरी सोडून मी मुलाकडं परभणीला आले. त्याआधी एकदा मी तिला विचारलं होतं. इतकी वर्षं जीभ रेटली नव्हती. म्हटलं, मुक्ता, तुला स्वतःला वाटतं का गं… तुझ्यामुळं? ती म्हणाली, "दिवसा न्हाई वाटत."

तिचा चौदावा झाला तरी मी गावाकडंच राहिले. परत यायला पाय निघेना, आणि तिथं राहवतही नव्हतं. त्या घरात माझ्याशी हसणारं ते एकच माणूस होतं. आणखी तीनेक दिवस गेले आणि दुपारी एकाएकी आभाळ भरून आलं, गारा पडल्या. शेतात काढून ढीग घालून ठेवलेला हरभरा पार भिजून गेला. आम्ही सगळे ओसरीवर बसून होतो. सासूबाई आता पार थकल्यात, डोळ्यांना नीट दिसत नाही. गारांचा आवाज थांबल्यावर बाजेवरून त्या सवयीनं म्हणाल्या, "त्या मताचं…" आणि त्यांचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडं वळलं. आम्हा सगळ्यांचीच वळली.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मुक्ता कुठंय?"

विलास म्हणाला, "आजी, आई गेली न्हाई का…"

म्हातारीनं अगदी खरंखुरं विचारावं तसं विचारलं, "मंग आता हे कुणाचं?"

भिंतीला टेकून बसलेले दीर उठले, आईच्या बाजेजवळ गेले आणि खाली बसले. "पावसाचं हाय, आई," ते म्हणाले. "पावसाचंच हाय. आन् लेकरू तापानं गेलं व्हतं. मताचं कायबी न्हवतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. शांतपणे बोलले, स्वयंपाकघरापर्यंत सहज ऐकू गेलं असतं.

दारात कुणी नव्हतं.