शेंदराखालचा जर्मन शब्द

कुपवाडच्या वजीर मुल्लांना स्वतःच्या लेथ मशीनपेक्षा जर्मन बंदुकांचं वेड जास्त. जर्मनी काही त्यांनी पाहिली नव्हती. पण पहिल्या महायुद्धात जर्मन शिपायाच्या खांद्यावर कुठली माउझर होती, दुसऱ्यात लुगर पिस्तूल मागं सारून वाल्थर का आणली, हे ते समोरच्याचा चहा गार होईपर्यंत ऐकवायचे. "लुगर करायला महाग, त्यात चिखलात अडायची. पन डोस्कं बघा त्या लोकांचं! आत गोळी असली की वरची पट्टी उचलती. तिच्यावर लिवलेलंच असतंय, गेलाडेन. म्हंजे भरलेली!" ऐकणारा जांभया द्यायचा, वजीरचाचा काही थांबत नसत.

तशीच एक लुगर कवठे महांकाळकडच्या त्यांच्या मित्राच्या, आप्पासोंच्या घरी होती. आप्पासोंच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धातून गुपचूप आणलेली. दर खंडेनवमीला तलवारीशेजारी तिची पूजा व्हायची. पूजेतलं हत्यार खरवडायचं नाही, हा घरचा रिवाज. त्यामुळं जुन्या शेंदरावर नवा शेंदूर चढत गेला. बारा वर्षांपूर्वी चाचांनी तिची गोळी भरायची वरची कळ ओढून पाहिली, ती जाम झालेली. "मेलीय ही, आप्पा. निव्वळ लोखंड," त्यांनी निकाल देऊन टाकला. एवढ्या जाणत्या माणसाला उलट कोण विचारणार?

यंदा नवरात्रात शेंदराचा जाड पापुद्रा आपोआप गळून पडला. आप्पासोंनी चाचांना बोलावून घेतलं. "देवानंच कवच सोडलं म्हनायचं. आता साफ कर गड्या, चालतंय."

चाचांनी रॉकेलचा बोळा फिरवला. पट्टी वर उचललेली होती. तिच्या कडेला बारीक अक्षरं उमटली, गेलाडेन. आयुष्यभर ज्याला त्याला सांगितलेला शब्द त्यांच्यापुढं होता, आणि तो शोधायचं त्यांनाच एकदाही सुचलं नव्हतं!

"आप्पा, लांब सरका. भरलीय ही."

पोलीस आले. आप्पासोंची सून अंजना दाराच्या आत उभी होती; तिनं पदर तोंडाशी धरला. शस्त्रांची माहिती असलेल्या हवालदारानं तासभर खटपट करून काडतूस काढलं, बूड उजेडात धरलं आणि मान हलवली. "ह्याला टोला बसलाय. कुनीतरी घोडा वडलाय. काडतूस सादळलं हुतं म्हनून उडालं न्हाई."

चाचांना आठवलं. गेल्या दसऱ्याला त्यांची नात झोया जेवायला आली होती. "धर, फोटू काढू," म्हणत त्यांनीच ती लुगर तिच्या हातात दिली होती. झोयानं थट्टेत अंजनावर रोखली, टक् आवाज झाला, आणि सगळं घर खदखदून हसलं होतं. सगळ्यात मोठ्यानं चाचाच.

हवालदारानं विचारलं, "कुनी घोडा वडला हुता, ठावं हाय?"

आप्पासोंना आठवलं होतं, पण मित्राची मान खाली जाईल म्हणून ते बोलेनात. चाचांना वाटलं, आपणही गप्प बसावं. लाजेनं जीव नुसता चोळामोळा झाला होता. पण अंजना त्यांच्याकडंच बघत होती.

"माज्या नातीनं," ते म्हणाले. "पन गुन्हा माजा. मी दिली तिच्या हातात. अंजना, पोरी, तुज्यावर रोखलेली ती."

अंजनानं तोंडावरचा पदर खाली घेतला.

"चाचा," ती म्हणाली, "तुमी मेलीय म्हनाला हुता, म्हनून मी तिच्यापुढं उभी ऱ्हायले वं."